वांगी सोलण्याचे नियम

भूमिकाचा मेल आला तेव्हा मी जळगावला पिंप्राळ्यातल्या आमच्या घरासमोर स्कूटर धूत होतो. ओल्या हातानंच मोबाइल उघडला. विषय होता, ‘कपाट : वर्तणुकीचे आणि सहभागाचे नियम, मसुदा. सरांनी एकदा नजर टाकावी.’

माझं डोकं तिथंच फिरलं. वर्तणुकीचे नियम! आम्ही काय शाळेची सहल काढतोय? सतरा वर्षं आम्ही हे काम केलं, चारचौघांसारखे भांडलो, चारचौघांसारखे जेवलो. तेव्हा कुठे होते नियम?

‘कपाट’ म्हणजे गावोगावच्या वाचनालयांसाठीचं सॉफ्टवेअर. कोणतं पुस्तक कुठे आहे, कोणी नेलं, कधी परत येणार, एवढंच ते सांगतं. ते फुकट आहे आणि उघडं आहे. कोणीही त्याच्या पोटातला कोड बघावा, चूक सापडली तर दुरुस्त करून पाठवावी. आम्ही ती तपासतो आणि बरोबर असली तर सगळ्यांसाठी घेतो. आज साडेतीनशे वाचनालयं ते वापरतात. वर्तमानपत्रात माझं नाव ‘कपाटचे जनक’ असं छापून येतं. टीव्हीच्या वरच्या फळीवर तीन स्मृतिचिन्हं आहेत, त्यांतलं एक धुळ्याचं आहे.

चार वर्षांपासून मात्र काम बघते ती भूमिका. धुळ्याला देवपुरात राहते, वय सव्वीस. हुशार पोरगी, बोलायला मऊ आणि ऐकायला अजिबात नाही. गेल्या महिन्यात एका तालुक्याच्या ग्रंथपाल बाईंनी धडपडत पहिली दुरुस्ती पाठवली. त्यावर आमच्यातल्या एका शहाण्यानं सगळ्यांसमोर लिहिलं, ‘बाई, हे भाकरी थापण्याइतकं सोपं नसतं.’ बाई परत दिसल्या नाहीत. तेव्हापासून भूमिकानं नियमांचा ध्यास घेतला होता.

मी नळ बंद केला आणि पायरीवर बसून मसुदा वाचायला लागलो. दुरुस्ती पाठवणाऱ्याला सात दिवसांत उत्तर द्यावं. चूक कोडची सांगावी, माणसाची काढू नये. कुठलाही बदल करायचा तर सगळ्यांसमोर, कारण लिहून करावा. सगळं शहाण्यासारखं होतं, आणि त्यामुळे माझा राग आणखी वाढत होता. शेवटी एक भाग होता, ‘असं बोलू नये : आपल्याच जुन्या मेलमधली उदाहरणं’. नावं, गावं काढून टाकलेली. चौथं उदाहरण असं होतं :

‘हा कोड काय अमुक गावच्या चिमणीखाली बसून लिहिला? डोळ्यांत राख गेलेली दिसते. आपण वाचनालयाचं सॉफ्टवेअर करतोय, पारावरच्या टोपणनावांची यादी नाही.’

त्याच्याखाली भूमिकानं लिहिलं होतं, ‘यानंतर दुसऱ्या एका सदस्यानं दुरुस्ती पाठवणाऱ्याच्या जातीवरून शेरा मारला. गट चालवणाऱ्यानं त्याला थांबवलं नाही. फक्त हसण्याची खूण पाठवली.’

ते अमुक गाव म्हणजे दीपनगर. ते वाक्य माझं होतं. आणि ती हसण्याची खूणही माझीच होती, एक कोलन आणि एक कंस. स्कूटरवरचं पाणी वाळून डाग पडले तरी मी पायरीवरच बसून होतो.

आधार सुरवाडे आणि मी जळगावला इंजिनीअरिंगला एका बाकावर होतो. त्याचे वडील दीपनगरच्या वीज केंद्रात कामाला, घर तिथल्याच वसाहतीत. तो सांगायचा की त्याची आई धुणं वाळत घालण्याआधी चिमणीच्या धुराकडे बघते, वारा कुठला आहे ते ठरवते आणि मगच दोरीला हात लावते. कॉलेज संपल्यावर तो भुसावळला संगणक दुरुस्तीचं दुकान चालवायला लागला आणि मी कॉलेजात शिकवायला. रविवारी तो पॅसेंजरनं जळगावला यायचा. भारनियमनाचे दिवस होते. सहा तास वीज नाही म्हणजे नाही, इन्व्हर्टरची बॅटरीही म्हातारी. वीज असेल तेवढ्या वेळात आम्ही कोड लिहायचो आणि ती गेली की अंगणात बसून वहीवर लिहायचो. तेव्हासारखा आनंद मला पुढे कुठल्याच स्मृतिचिन्हानं दिला नाही, हे सरळच सांगून टाकतो.

‘कपाट’ हे नावही त्याचंच. मी काहीतरी भारदस्त संस्कृत शोधत होतो. तो म्हणाला, “भो, वाचनालयात जाऊन बघ. सगळे कपाटच म्हणतात.”

२००८च्या जानेवारीत मी त्याला झुलाल नानांच्या शेतावर भरीत पार्टीला नेलं. नाना माझे मामा, पण त्यांना सगळं गावच नाना म्हणतं. शेत धुळ्याच्या अलीकडे, फागण्याजवळ. जानेवारीत तिथं भरताची वांगी अशी लागतात की एक वांगं एका हातात मावत नाही. कपाशीच्या वाळलेल्या काड्यांचा जाळ करायचा, त्यात वांगी टाकायची आणि भर दुपारी धुरात डोळे चोळत बसायचं. आम्ही पाचसहा जण पोहोचलो आणि पाहुण्यांसारखे खाटेवर टेकलो. नाना जागेवरूनच अहिराणीत ओरडले; त्यांच्या तोंडी जळगावचं जयगाव होतं.

“ओ जयगाववाला! आठे पाव्हनपन नही. जो येई तो पहिले एक वांगं सोली, मंगच बठी.”

बाकीचे खाटेवरूनच कसं सोलायचं ते सांगत हसत राहिले. आधार उठला, जाळाशी बसला आणि गरम वांगं सोलायला लागला. बोटं भाजत होती, तो फुंकर मारत होता. सोलता सोलता एक वांगं आतून किडकं निघालं. त्यानं विचारलं, “नाना, हे कोणाच्या शेतातलं?”

“ते इचारानं नही,” नाना म्हणाले. “कीड निंघनी ते गुपचूप बाजूले ठेवानं. कोना वावरनं शे, ते वांगाले बी माहित नही.”

त्या पार्टीला प्रत्येक घरानं आपल्या शेतातली वांगी आणलेली असतात. कोणाचं किडकं निघालं हे बोलायचं नाही, ही तिथली रीत. दुसरी रीत जेवायला बसल्यावर कळली. ताटं वाढून झाली, ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरीचा वास सुटला, मी घास उचलला, तर मामीनं माझ्या हातावर चापट मारली. नाना उभे राहिले आणि एकेक नाव घ्यायला लागले.

“काड्या पितांबरन्या. पानी धुरपदाबाईनी आनं. मिरच्या जयगावन्या पोऱ्यास्नी आन्यात. वांगं सोलं दीपनगरना आधारनी.”

धुरपदाबाई म्हणजे मामी. सगळ्यांची नावं घेऊन झाल्याशिवाय कोणी घास उचलत नाही. आपलं नाव आलं तेव्हा आधारनं मान खाली घातली, आणि तो किती खूश झालाय हे त्याच्या कानांवरून कळत होतं. परतीच्या एसटीत त्यानं वही काढली. “प्रेम, आपले नियम मिळाले,” म्हणाला. जो येईल त्यानं आधी एक लहानसं काम करावं. चूक निघाली तर गाजावाजा न करता बाजूला काढावी. जाळाजवळ बसलेल्याला लांबून शहाणपण शिकवू नये. आणि कोणी काय आणलं ती नावं घेतल्याशिवाय जेवू नये. दुसऱ्या दिवशी त्यानं ते टाइप केलं. ‘कपाट’ची ती पहिली फाइल होती. कोडची पहिली ओळ त्यानंतर आली.

मग आम्ही गावोगाव हिंडलो. सीडी पिशवीत घालून एसटीनं, कधी मालवाहू रिक्षात पोत्यांवर बसून. पहिलं वाचनालय लागलं ते नशिराबादचं, एका खोलीचं. तिथल्या ग्रंथपाल कमलबाई आम्हाला बशीत चहा द्यायच्या आणि संगणकाकडे असं बघायच्या, जसं आपण नवीन सुनेकडे बघतो. शेजारी त्यांचं लाल रजिस्टर कायम उघडं असायचं.

दोन वर्षांनी घोळ झाला तो तिथंच. नशिराबादच्या सभासदांत हिलाल महाजन नावाची चार माणसं होती. मी लिहिलेल्या कोडनं नाव आणि आडनाव एक बघून चौघांचा एक हिलाल करून टाकला. भजनी मंडळातल्या ऐंशी वर्षांच्या हिलाल आबांच्या नावावर सात रहस्यकथा लागल्या. आबांच्या सूनबाई वाचनालयात येऊन बोलून गेल्या. कमलबाईंनी संगणकावर फडकं टाकलं आणि लाल रजिस्टर पुन्हा वर काढलं.

आधारनं त्यावर दुरुस्ती पाठवली. प्रत्येक सभासदापुढे एक नवा रकाना, ‘ओळख’. टाकीजवळचा हिलाल, रिक्षावाला हिलाल, भजनातले हिलाल, मास्तरांचा हिलाल. गाव माणसाला ज्यानं ओळखतं ते लिहायचं आणि त्यावरूनच शोधायचं. आमच्याकडे गावातला माणूस नुसत्या नावानं सापडतच नाही, हे तिथं जन्मलेल्या प्रत्येकाला माहीत असतं. मलाही माहीत होतं. पण तेव्हा माझा फोटो नुकताच पेपरात आला होता, पुण्याचे लोक आमच्या मेलच्या गटात आले होते, आणि त्यांच्यासमोर ‘रिक्षावाला हिलाल’ म्हणजे मला लाज वाटली. चूक माझ्याच कोडची आहे हे सगळ्यांना दिसलं, त्याचीही चीड होती. मी पूर्ण वाचलंसुद्धा नाही. चिमणी आणि राखेचं ते वाक्य लिहिलं आणि पाठवून दिलं.

तासाभरात पुण्याच्या एकानं लिहिलं, ‘काही लोकांना प्रवेश सवलतीत मिळतो. कोडला ती सवलत देऊ नये.’

गट माझा होता. एका ओळीत त्या माणसाला बाहेर काढता आलं असतं. मी हसण्याची खूण पाठवली. तेव्हा अर्थ लक्षात आला नव्हता, असं मी स्वतःला बरीच वर्षं सांगत आलो. अर्थ चांगला लक्षात आला होता. कोणीतरी आपल्या बाजूनं बोललं याचं मला बरं वाटलं होतं, एवढंच खरं आहे.

आधारचं उत्तर आलं नाही. पुढच्या रविवारी तो आला नाही, त्याच्या पुढच्याही नाही. मी फोन केला नाही. दोन महिन्यांनी नशिराबादला गेलो तर संगणकावर फडकं तसंच होतं. घरी येऊन मी आधारची दुरुस्ती उघडली. ती चोख होती. मी तिच्यातली चारसहा नावं बदलली, मागचापुढचा भाग हलवला आणि माझ्या नावावर टाकली. हात थरथरला वगैरे काही नाही. वेळ नव्हता, काम अडलं होतं, तो निघून गेला होता. कारणं लागतील तेवढी मिळाली.

पुढे त्याच ‘ओळख’मुळे ‘कपाट’ गाजलं. शाल, श्रीफळ, भाषणं. ‘खेड्यातलं शहाणपण संगणकात आणणारा माणूस’ असं एका सूत्रसंचालकानं माझ्याबद्दल म्हटलं होतं. मी मान तुकवली होती.

दर जानेवारीला नानांच्या शेतावर ‘कपाट’वाल्यांची भरीत पार्टी मात्र चालू राहिली. आणि दर जानेवारीला नाना मला एकच प्रश्न विचारायचे.

“तो दीपनगरवाला काबर येस नही रे?”

“पुण्याला असतो, नाना. सुट्टी मिळत नाही.”

“इतलं काय काम करस तो?” असं म्हणत नाना काड्या पुढे सरकवायचे. पंधरा वर्षं मी त्यांना हेच सांगितलं. आधार भुसावळलाच आहे, त्याच दुकानात, हे मला माहीत होतं.

स्कूटर तशीच ठेवून मी भूमिकाला फोन लावला.

“ही उदाहरणं कशाला हवीत?” मी विचारलं.

“सर, नियम कोणी वाचत नाही. उदाहरणं वाचतात.”

“चौथं कोणाचं आहे, माहीत आहे का तुला?”

“माहीत आहे, सर. म्हणून तर मसुदा आधी तुम्हाला पाठवला.”

 मग आवाज चढवून म्हणालो, “ते काढ.”

“काढते ना. फक्त तुम्ही गटावर तसं कारण लिहून सांगा. बदल सगळ्यांसमोर करायचा, असं त्यातच आहे.” हे ती इतक्या मऊपणे म्हणाली की मला आणखी झोंबलं.

“मग माझं नाव तरी घाल. बिननावाचं काय ठेवलंस? भ्यायलीस का?”

“नाही घालता येणार, सर. जुन्या नियमांतला दुसरा. किडकं कोणाच्या शेतातलं ते बोलायचं नाही. ज्याचं त्यानं सांगितलं तर गोष्ट वेगळी.”

म्हणजे आधारच्या बाबतीत मी जो नियम मोडला, तोच मला पाठीशी घालत होता.  फोन ठेवता ठेवता ती म्हणाली, “सर, आणखी एक. मी गटाची जुनी यादी बघत होते. आधार सुरवाडे यादीतून कधी बाहेर पडलेच नाहीत. प्रत्येक मेल अजूनही त्यांना जातो.”

 म्हणजे ‘ओळख’ माझ्या नावावर टाकल्याचा मेल त्यानं वाचला होता. शाल-श्रीफळाचे फोटो पाहिले होते. माझं भाषण सगळ्यांना पाठवलं होतं, तेही त्याच्याकडे गेलं होतं. पंधरा वर्षं तो जाळापासून लांब बसून सगळं बघत होता आणि एक शब्द बोलला नव्हता.

मसुद्यावर सगळ्यांची संमती यंदाच्या पार्टीत घ्यायची होती. मी गटावर काहीच लिहिलं नाही. आठ दिवस मी ठरवत होतो आणि मोडत होतो. कबूल करायचं तर त्या फळीवरच्या तीन स्मृतिचिन्हांचं काय? कॉलेजात काय सांगू? आणि नाही करायचं, तर नाना पुन्हा विचारणार. गंमत म्हणजे मला कॉलेजपेक्षा नानांचीच जास्त भीती वाटत होती.

पार्टीच्या दिवशी दुपारी तीसेक जण आले होते. भूमिकानं येणाऱ्या प्रत्येकाच्या हातात आधी वांगं दिलं. ग्रंथपाल, विद्यार्थी, पुण्याचे दोघे, सगळे सोलत होते. नाना आता शहाऐंशीचे. घशाचा त्रास, त्यामुळे आवाज फुटत नाही. भरीत झालं, पानं वाढली, भाकरी आली. सगळे नानांकडे बघायला लागले. त्यांनी उभं राहून दोनदा प्रयत्न केला आणि मला बोलावलं.

“मना आवाज निंघस नही. प्रेम, तू ले नावं.”

मी उभा राहिलो. काड्यांचं नाव घेतलं, पाण्याचं, मिरच्यांचं, सोलणाऱ्यांचं. सगळं झालं तरी मी खाली बसेना, तेव्हा लोक एकमेकांकडे बघायला लागले.

“एक नाव राहिलंय,” मी म्हणालो. “पंधरा वर्षांपासून राहिलंय. ‘ओळख’ मी केलेली नाही. ती आधार सुरवाडे यानं केली. त्यानं पाठवली तेव्हा मी सगळ्यांसमोर त्याची थट्टा केली, एकानं त्याची जात काढली तेव्हा मी हसलो, आणि तो गेल्यावर त्याचं काम माझ्या नावावर टाकलं. मसुद्यातलं चौथं उदाहरण माझं आहे.”

 दूर कोणाची तरी मोटर चालू होती तेवढाच आवाज. नानांना ऐकू कमी येतं. त्यांनी मामीला कोपर मारलं. “काय म्हने हाऊ?”

मामीनं त्यांच्या कानाशी तोंड नेऊन, साऱ्या शेताला ऐकू जाईल असं सांगितलं, “म्हने, दीपनगरना पोऱ्यानं काम यानी सोताना नाववर लाई लिधं!”

नाना माझ्याकडे बघत राहिले. त्यांच्या नजरेत राग असता तर बरं झालं असतं.

“पंधरा वरीस माले खोटं सांगं?”

“हो, नाना.”

त्यांनी खाली वाकून स्वतःच्या हातानं एक रिकामं ताट उचललं आणि आपल्या शेजारी मांडलं. “त्यानं ताट शे. येवो नहीते नही,” म्हणाले. “नाव लिधं ना? मंग जेवा आते.”

लोक जेवायला लागले. मीही खाल्लं. मामी बघत होती.

दुसऱ्या दिवशी भूमिकानं पार्टीचा वृत्तान्त गटावर पाठवला. नियम मंजूर झाले. श्री. प्रेमराज यांनी पुढीलप्रमाणे सांगितलं, म्हणून माझं बोलणं शब्दन् शब्द. झुलाल नानांनी एक ताट वेगळं मांडलं, हेही. कोणी काय केलं हे नोंदवणाऱ्या नावांच्या फाइलमध्ये मी ‘ओळख’पुढचं माझं नाव खोडलं, आधारचं लिहिलं आणि कारण म्हणून लिहिलं, ‘हे त्याचंच होतं.’ कॉलेजातून दोन फोन आले, एक चौकशीचा आणि एक मजा बघायला. स्मृतिचिन्हं मी फळीवरून काढून पेटीत ठेवली. आधारला वेगळा मेल लिहायला बसलो आणि चार वेळा खोडला. माफीची सगळी वाक्यं माझ्याच भाषणातल्यासारखी वाटत होती.

नवव्या दिवशी, कॉलेजात तास संपवून बाहेर आलो तर मोबाइलवर सूचना होती. ‘कपाट’मध्ये एक नवी दुरुस्ती आली आहे, तपासण्यासाठी तुमची नेमणूक झाली आहे. पाठवणारा, आधार सुरवाडे.

मी जिन्यातच बसलो. मुलं बाजूनं उतरत होती. दुरुस्ती एका ओळीची होती, नावांच्या फाइलमधली. मी लिहिलेलं ‘ओळख : आधार सुरवाडे’ त्यानं बदललं होतं. आता तिथं होतं, ‘ओळख : कल्पना कमलबाई, वाचनालय, नशिराबाद. कोड आधार सुरवाडे.’ खाली कारण दिलं होतं :

‘कमलबाईंच्या लाल रजिस्टरमध्ये ओळख हा रकाना पहिल्यापासून होता. मी फक्त तो संगणकात आणला. २०१०च्या माझ्या दुरुस्तीत पहिल्याच ओळीत त्यांचं नाव होतं. तू वाचलं नसावंस.’

नव्हतंच वाचलं. चोरी करतानाही मी ती पहिली ओळ न वाचताच पुसून पुढे गेलो होतो. ते लाल रजिस्टर मी पन्नास वेळा पाहिलं असेल, त्याच्या शेजारी बशी ठेवून चहा प्यायलो होतो. कमलबाई आज सत्तरीच्या आहेत, नशिराबादलाच असतात, आणि माझ्या एकाही भाषणात त्यांचं नाव आलेलं नाही.

आणि त्याखाली यंत्रानं आपोआप टाकलेला एक निरोप होता. नवीन नियमांप्रमाणे भूमिकानं ती सोय केली होती, पहिल्यांदा येणाऱ्याचं स्वागत व्हावं म्हणून.

‘नमस्कार आधार! कपाटमध्ये हे तुमचं पहिलंच योगदान आहे. तुमचं स्वागत! आमच्याकडे नवीन माणसाला सगळे मदत करतात.’

पहिलंच योगदान. नाव त्याचं, नियम त्याचे, पहिली फाइल त्याची. पण जुना कोड नव्या जागी नेताना मी सगळाच माझ्या खात्यावरून नेला होता, त्यामुळे यंत्राच्या लेखी आधार सुरवाडे नावाचा माणूस आजवर कधी इथं आलाच नव्हता. यंत्र खोटं बोलत नव्हतं. मी त्याला जे शिकवलं तेच ते म्हणत होतं. जिन्यात बसून मी रडलो. एका मुलीनं “सर, पाणी आणू का?” असं विचारलं, तिला मी हातानंच नको म्हटलं.

तपासणाऱ्यानं उत्तर द्यायचं असतं. मी लिहिलं, ‘आधार, बरोबर आहे. घेतलं.’ २०१०मध्ये एवढंच लिहायला हवं होतं. मग खाली आणखी एक ओळ लिहिली, ‘मला फार उशीर झाला.’ पाठवलं आणि ती स्वागताची ओळ काढता येते का ते बघायला लागलो. तेवढ्यात नेमक्या त्या ओळीखाली आधारचं उत्तर आलं. दीपनगरच्या माणसानं नानांच्या बोलीत लिहिलं होतं.

‘नानाले सांगजो, एक वांगं सोली टाकं. आते मना ताट मांडी ठेव.’

मी तिथूनच नानांच्या घरी फोन लावला. फोन मामीनं उचलला. म्हटलं, नानांच्या कानाला लाव. मी ती ओळ मोठ्यानं वाचली, मग पुन्हा वाचली. पलीकडून नुसता खाटेचा आवाज आला, काठीचा आला, मग दाराचा.

“मामी, काय म्हणाले नाना?”

“म्हने नहीत काहीच,” मामी म्हणाली. “टोपलं लिसन वावरमा निंघी ग्यात. वांगं आनाले.”